पेटीत टाका

१ सप्टेंबर २०२५, सोमवार, संध्या. ७.३०

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी प्रेस शॉपचा इन-चार्ज. लेटरवर 'ॲक्टिंग' असं लिहिलंय. तीन महिने प्रोबेशन, १ डिसेंबरला कन्फर्मेशन. ते नुसतं नावाला. अठरा वर्षं चार नंबरच्या प्रेसवर गाड्यांच्या सीटचे ब्रॅकेट काढले, आता बावीस माणसं माझ्या हाताखाली. काचेची केबिन आहे. एसी आहे.

एचआरच्या मिनल मॅडमकडे व्हिजिटिंग कार्ड मागितलं. 'गणराज सोळंके, शॉप इन-चार्ज', एवढंच छापा म्हटलं. म्हणाल्या, कन्फर्म झाल्यावर. हरकत नाही. अठरा वर्षं थांबलो, तीन महिने काय जड आहेत.

२ सप्टेंबर, मंगळवार

धोरण ठरलं. गेल्या महिन्यात कंपनीने आम्हाला एक दिवस ट्रेनिंगला बसवलं होतं. विषय: साहेबाने स्टाफमध्ये मिसळावं की अंतर ठेवावं. ट्रेनरने दोन्ही बाजू सांगितल्या. मिसळण्याची बाजू जेवणानंतर होती, तेव्हा माझा जरा डोळा लागला. पण अंतराची बाजू सकाळी होती आणि ती मला शंभर टक्के पटली. अतिपरिचयात अवज्ञा, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. त्यासाठी ट्रेनरची गरज नव्हती.

प्लांट हेड विजयश्री मॅडम कधीकधी कॅन्टीनमध्ये कामगारांच्या टेबलावर दिसतात. पाहणीसाठी बसत असणार.

३ सप्टेंबर, बुधवार

आजपासून डबा केबिनमध्ये. खिडकीजवळचं टेबल सुटलं. अठरा वर्षं तिथे सहा जणांचे डबे एकत्र उघडायचे, कोणाची भाजी कोणाच्या ताटात याला काही धरबंध नसायचा. माझ्या शेजारी नागसेन ओव्हाळ. पाच नंबरचा ऑपरेटर. दापोडीला आम्ही चौदा वर्षं एका चाळीत समोरासमोर राहिलो, मग मी निगडीला फ्लॅट घेतला. तो तिथेच आहे.

अडचण एकच. योगिनी दर बुधवारी नागसेनसाठी कारल्याची भाजी वेगळ्या डबीत देते. चाळीत असताना एकदा त्याने 'वहिनी, कारलं एक नंबर' म्हटलं होतं, तेव्हापासून हे चालू आहे. मी कारलं खात नाही. वास आला तरी मला मळमळतं. पण डबी भरलेली घरी नेली तर योगिनी विचारणार, आणि अंतराचं धोरण तिला इतक्यात सांगण्यात अर्थ नाही. तिला मॅनेजमेंट कळत नाही.

खाल्लं. सगळं. पद कडूच असतं.

८ सप्टेंबर, सोमवार

'प्रेस शॉप फॅमिली' या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. तिथे नुसते नागसेनचे जोक आणि फुलांचे फोटो. नवा ग्रुप काढला: 'प्रेस शॉप ऑफिशियल'. सेटिंग असं केलं की मेसेज फक्त ॲडमिनच टाकू शकतो. ॲडमिन मी.

पहिला मेसेज टाकला: 'कोणाला काही अडचण असल्यास मोकळेपणाने बोला.' तासभर वाट पाहिली. एकाचीही अडचण आली नाही. आठ दिवसांत शॉपला शिस्त लागली, हे मॅडमच्या कानावर घातलं पाहिजे.

१५ सप्टेंबर, सोमवार

लोक ऊठसूट केबिनमध्ये येतात. हातमोजे फाटले. रजा पाहिजे. पंखा आवाज करतो. मी म्हणजे काय चावडीवरचा कोतवाल आहे?

फॅब्रिकेशनमधून पत्र्याची पेटी करून घेतली. वर फट, खाली कुलूप. 'साहेबांना जे सांगायचे ते येथे टाका' असा बोर्ड. किल्ली एकच आणि ती माझ्याकडे. पेटी दर महिन्याच्या एक तारखेला उघडणार. क्वालिटीची पिंकी म्हणाली, सर, अर्जंट असेल तर? तिला सांगितलं, जे एक तारखेपर्यंत टिकत नाही ते महत्त्वाचं नसतं. असं वाक्य मला आयत्या वेळी कसं सुचतं, कोण जाणे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सगळ्या प्रेसना हार. दरवर्षी चार नंबर नागसेन पुसायचा आणि हार मी घालायचो. 'तू घाल बाबा हार, मी आपला फडकं मारतो,' म्हणायचा. यंदा मी खाली उतरलो नाही. काचेतून सगळ्यांना हात दाखवला. हार केबिनच्या एसीला घातला. तेही यंत्रच आहे.

पेटी उघडली. एक चिठ्ठी, 'चहा पातळ आहे', आणि एक गुटख्याची रिकामी पुडी. चहा मलाही पातळच मिळतो. म्हणजे अंतर ठेवूनही समानता आहे.

आज बुधवार. कारलं खाल्लं. आता उलटी होत नाही, फक्त डोळ्यांत पाणी येतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नागसेनच्या मुलीचं, मैत्रीचं, लग्न ठरलं. मुलगा दिघीचा, लॅबमध्ये आहे. मला पिंकीकडून कळलं. तिने टेबलावर पेढा ठेवला आणि सांगून गेली.

मैत्री चार वर्षांची असताना सायकलच्या दांडीवर बसवून तिला बालवाडीत सोडायचो. कंपनीचा भोंगा झाला की घाबरून माझी मान धरायची. दहावीत पास झाली तेव्हा मी चाळीत सगळ्यांसमोर शब्द दिला होता, हिच्या लग्नात बुंदीचं पातेलं मी धरणार, पहिली पंगत मी वाढणार. शब्द तो शब्द. मी जाणार.

पण आता मी साहेब आहे. रीतसर निमंत्रण पाहिजे. नवराबायकोने पत्रिका हातात द्यायची, 'यायलाच पाहिजे' म्हणायचं. मग मी थोडं डायरी बघितल्यासारखं करून 'बघतो' म्हणणार. आणि जाणार.

१ नोव्हेंबर, शनिवार

पेटी पूर्ण रिकामी! तक्रारी शून्य. तसा आलेख काढून केबिनमध्ये लावला. दोन महिन्यांचा आहे, त्यामुळे एकच रेघ आहे, पण ती खाली जाते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नागसेन केबिनशी आला. दारावर टकटक केलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला 'साहेब' म्हणाला. ऐकून बरं वाटलं. मग कारण नसताना एसी कमी केला.

हातात पांढरं पाकीट होतं. लग्नासाठी रजेचा अर्ज असणार, नाहीतर ॲडव्हान्सचा. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, पेटीत टाका. तो म्हणाला, साहेब, हातातच द्यायचं होतं. सगळे असंच म्हणतात. मित्र म्हणून त्याला सूट दिली तर उद्या बावीसच्या बावीस केबिनमध्ये घुसतील आणि माझ्या डोक्यावर मिरी वाटतील. मी परत म्हटलं, पेटीत टाका. मग गेला. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज इथपर्यंत आला.

नियम सगळ्यांना सारखा. आज मी स्वतःलाच मानलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रिका नाही. सगळ्या शॉपला मिळाली. पिंकीच्या टेबलावर आहे, वॉचमन भैरूच्या खिशात आहे. मी बघितलं नाही. मागून बघणं माझ्या पदाला शोभत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरी स्फोट. कस्तुरावहिनींचा, म्हणजे नागसेनच्या बायकोचा, योगिनीला फोन आला. बोलता बोलता निघालं की भावजी सप्टेंबरपासून डबा वेगळा खातात. योगिनीने मला समोर बसवलं. म्हणाली, मग माझं कारलं कोण खातंय? म्हटलं, मी. अडीच महिने? अडीच महिने.

मग हळू आवाजात म्हणाली, 'अठरा वर्षं त्यांच्या डब्यात हात घातलात. साहेब झाल्या दिवशी डबा वेगळा. ते काय समजतील, याचा विचार केलात का?'

म्हटलं, हे हुद्द्याचं अंतर आहे, दुसरं कसलंही नाही. नागसेनला कळायला पाहिजे. ती म्हणाली, 'कळायला पाहिजे? तुम्ही त्यांना सांगितलंत का?' म्हटलं, मी प्रत्येकाला जाऊन सांगत बसलो तर अंतर कसलं राहिलं.

तिला मॅनेजमेंट खरंच कळत नाही. झोप लागली नाही. कारल्यामुळे असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चमत्कार! गेले चार दिवस उत्पादन रोज टार्गेटच्या वर. कोणी चहाला रेंगाळत नाही, सुट्टीच्या घंटेनंतरही अर्धा तास प्रेस चालू. नागसेन तर जेवून दहा मिनिटांत मशीनवर. अंतराला फळ आलं. मी काही बोललोसुद्धा नाही. मी काही न बोलल्याचाच हा परिणाम.

आकडे मॅडमना मेल केले. खाली लिहिलं: माझ्या धोरणामुळे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी धावतेय तोवर जोर लावायचा. 'ऑफिशियल'वर मेसेज टाकला: 'रविवार दि. ३० रोजी सर्वांना ओव्हरटाइम. हजेरी सक्तीची. कोणाची हरकत असल्यास कळवावे.' बावीस जणांनी वाचलं. एकाचीही हरकत नाही.

रात्री जेवताना योगिनी म्हणाली, रविवारी कोणता शर्ट घालणार? दापोडीत लग्न आहे साडेबाराचं. मी म्हटलं, आपल्याला निमंत्रण नाही. ती म्हणाली, कस्तुरावहिनींनी चार वेळा फोन केलाय, आणि पत्रिका नागसेनभाऊंनी तुम्हाला कंपनीत दिली आहे. मी म्हटलं, फोन हे काही निमंत्रण नव्हे. आणि माझ्या हातात कोणी काही दिलेलं नाही. नागसेन खोटं बोलतोय. इतका चांगला माणूस, आणि खोटं बोलायला लागला. घर फिरलं की वासे फिरतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार, दु. ४

मनात एक शंका आली. लिहीत नाही.

४.१०. लिहितो. ते पांढरं पाकीट.

४.१५. ड्रॉवर उघडला. किल्ली आहे. केबिनपासून पेटी अकरा पावलांवर.

४.२०. ड्रॉवर बंद केला. उघडायची तारीख एक. हा नियम मी केलाय, आणि मीच दोन दिवस आधी जाऊन कुलूप काढलं तर सगळी शॉप बघेल. साहेबाला पत्रिकेसाठी जीव खालीवर झाला, असं म्हणतील. नाही म्हणजे नाही. आणि ते पाकीट रजेच्या अर्जाचंच होतं.

५.००. योगिनी एकटी जाणार म्हणते. मैत्रीसाठी साडी घेतली आहे, नारिंगी रंगाची. मी म्हटलं, जा. मी कोणाला अडवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

स. ८.००. कंपनीत हजर. प्रेस शॉप बंद.

८.४०. अजून कोणी नाही. बस लेट असेल.

९.३०. गेटवर गेलो. भैरू बिडी ओढत होता. म्हणाला, 'आज कोन येतंय साहेब? समदी लग्नाला. रोज जादा राबून आजचा माल काल सांजच्यालाच गाडीत घातला की त्यांनी. आजचा दिस मोकळा पायजे म्हून.' मग मला खालून वर बघून म्हणाला, 'तुमी न्हाई गेलात व्हय?'

म्हटलं, ड्यूटी आहे. तो म्हणाला, 'कशाची?'

या माणसाला बोलायची पद्धत नाही.

११.००. म्हणजे ते उत्पादन. ते अंतरामुळे नव्हतं, असं दिसतं. पूर्णपणे नव्हतं.

१२.३०. आत्ता दापोडीत लग्न लागत असेल. फडकं घेतलं आणि चार नंबर पुसला. त्यावर धूळ नव्हती. तरी पुसला. मग पाच नंबरही पुसला. वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

२.००. डबा नव्हता. भैरूने जाताना त्याचा बिस्किटांचा पुडा दिला. ड्यूटीवर आलेल्या दुसऱ्या वॉचमनला मी कोण आहे ते माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे गेटपास मागितला.

सायं. ७.३०. योगिनी आली. मी विचारलं नाही. तिने सांगितलं. पांढऱ्या साडीत मैत्री छान दिसत होती. विजयश्री मॅडम आल्या होत्या, पंगतीत मांडी घालून जेवल्या. पंगत पंधरा मिनिटं सुरू केली नाही, कारण नागसेन बुंदीचं पातेलं झाकून दाराकडे बघत उभा होता. शेवटी कोणीतरी म्हटलं, लोक ताटकळलेत. मग त्याने स्वतःच वाढलं. मैत्रीने दोनदा विचारलं, काका कुठे आहेत.

मी विचारलं, पण पत्रिका कोणी तुझ्या हातात दिली का? योगिनीने बुंदीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत गेली.

१ डिसेंबर, सोमवार

स. ८.४५. लेटर मिळालं. प्रोबेशन तीन महिने वाढवलं. मॅडमनी बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, माल शनिवारी गेला, रविवारी लग्न होतं, तुम्ही ओव्हरटाइम लावलात, आणि हे सगळं अख्ख्या प्लांटमध्ये फक्त तुम्हालाच माहीत नव्हतं. मी ठामपणे सांगितलं, मॅडम, मी स्टाफपासून अंतर ठेवतो. त्या म्हणाल्या, 'गणराज, तुम्ही स्टाफच आहात. मीसुद्धा.'

लेटर घडी घालून खिशात टाकलं.

९.३०. पेटी उघडली. एक तारीख, नियमाप्रमाणे. आत दोन वस्तू.

पहिली, वहीचं पान: 'रविवारचा माल आम्ही शनिवारपर्यंत काढून देतो. रविवार सुट्टी मिळावी. तुम्हीपण चला.' खाली बावीस सह्या. तारीख २० नोव्हेंबर.

दुसरी, पांढरं पाकीट. वर नागसेनच्या अक्षरात: 'गणराज आणि वहिनी'. साहेब लिहिलं नव्हतं. आत पत्रिका. वर बुद्धाचं चित्र, मंगल परिणय, मैत्रीचं नाव, वेळ, दापोडीचा हॉल. सगळ्यात खाली निमंत्रकांची नावं. त्यात सगळ्यात वर, ठळक टायपात:

'श्री. गणराज सोळंके (शॉप इन-चार्ज) व प्रेस शॉप मित्रपरिवार.'

म्हणजे चारशे घरांत गेलेलं निमंत्रण माझ्याच नावाने गेलं होतं, आणि मी रुसून बसलो होतो की मला निमंत्रण नाही.

१०.१५. आणखी एक. 'ॲक्टिंग' हा शब्द कुठेच नाही. शॉप इन-चार्ज. छापील. मिनल मॅडमनी जे तीन महिने छापलं नाही आणि आता आणखी तीन महिने छापणार नाहीत, ते नागसेनने स्वतःच्या पैशाने छापून घेतलं होतं. ते पंचवीस दिवस माझ्याच कुलपात होतं.

१०.३०. केबिनला आतून पडदा का नाही, याची तक्रार केली पाहिजे. बाहेरून सगळं दिसतं.

३ डिसेंबर, बुधवार

काल काही लिहिलं नाही. काल दोनदा पाच नंबरपर्यंत जाऊन परत आलो. दोन्ही वेळा हातात फाइल होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नसणार.

आज दुपारी १ वाजता कॅन्टीनमध्ये गेलो. पाहणीसाठी. हातात कारल्याची डबी होती, कारण ती केबिनमध्ये ठेवली की वास राहतो.

खिडकीजवळच्या टेबलावर गप्पा थांबल्या. माझ्या जागेवर चार नंबरचा नवा ऑपरेटर बसला होता. तो उठायला लागला, पिंकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवला. मी नागसेनला म्हटलं, मला जरा बोलायचंय. दोन दिवस घोकलेलं सगळं मला पाठ होतं.

त्याने भाकरीवरून नजर काढली नाही. म्हणाला, 'साहेब, पेटीत टाका.'

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी उभाच राहिलो. जे बोलायचं होतं ते पेटीत टाकून उपयोग नव्हता, किल्ली माझ्याकडेच आहे. ते माझं मलाच परत मिळालं असतं. घोकलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, 'चुकलं माझं, नागसेन. मैत्रीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.'

मग त्याने हात पुढे केला आणि डबी घेतली. झाकण काढलं. वास घेतला. म्हणाला, 'वहिनींनीच केलंय ना?' म्हटलं, हो. 'मग ठीक आहे.' एकेक फोड सगळ्यांच्या ताटात टाकली. एक डबीच्या झाकणात ठेवून माझ्याकडे सरकवली. बस म्हणाला नाही. सरकून जागाही कोणी केली नाही. पिंकीने पाण्याचा ग्लास दिला, तोही न बघता.

मी ते कारलं खाल्लं. नागसेनच्या शेजारी, भिंतीला टेकून.

तर नोंद अशी की, साहेबाने स्टाफबरोबर बसून जेवू नये, हे तत्त्व मी आजही सोडलेलं नाही. उभ्याने जेवलो. पेटीची किल्ली टेबलावर विसरून आलो, ती परत मागायची नाही असं ठरवलं आहे. उद्याही पाहणीला जाणार. उद्या बुधवार नाही, तरी योगिनीला कारलं करायला सांगितलं आहे.